मधमाशांच्या पेट्यांचे स्थलांतर आणि कायदा

सातारा व सांगली हे दोन जिल्हे एकमेकांस लागून असले तरी मधमाशापालनाच्या दृष्टीने त्यांत दोन अगदी भिन्न मुलूख सामावलेले आहेत. पश्चिमेस महाबळेश्वर, जावळी, पाटण व शिराळा या तालुक्यांचा डोंगराळ पट्टा आहे. तेथे दाट झाडी असून महाबळेश्वरास वर्षाकाठी पाच हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो. पूर्वेस माण, खटाव, आटपाडी, जत व कवठे महांकाळ हा कमी पावसाचा प्रदेश आहे. तेथे माळराने, डाळिंबाच्या बागा, करडई, सूर्यफूल व बाभळी आढळतात. डोंगरात पेटीत पाळली जाते ती आपली देशी सातेरी मधमाशी. पूर्वेकडील बागांतून अलीकडे ज्या पेट्या दिसू लागल्या आहेत त्यांत बहुधा मेलिफेरा ही युरोपीय मधमाशी असते. ही माशी आपल्या देशात प्रथम १९६२ साली हिमाचल प्रदेशातील नगरोटा येथे यशस्वीपणे स्थिरावली व तेथून उत्तरेत आणि पुढे अन्य राज्यांत पसरली.

सातेरीचे पालन बहुतांशी स्थिर स्वरूपाचे असते. पेटी घराच्या परसात किंवा रानाच्या कडेस ठेवावयाची व भोवतालच्या फुलोऱ्यावर माशांनी मध गोळा करावयाचा, अशी ही रीत आहे. मेलिफेराचा व्यवहार निराळा आहे. या माशीची वसाहत मोठी असते, तिला खाद्यही मुबलक लागते, आणि एका जागचा फुलोरा ओसरला की मधपाळास पेट्या उचलून दुसरीकडे न्याव्या लागतात. डाळिंबाच्या बहारासाठी, कांद्याच्या बियाण्यासाठी किंवा सूर्यफुलासाठी बागाईतदारच पेट्या मागवितात. अशा रीतीने पूर्वी क्वचित होणारी पेट्यांची वाहतूक आता नित्याची झाली आहे. एका जिल्ह्यातून दुसऱ्या जिल्ह्यात, जतसारख्या सीमेवरील तालुक्यात तर एका राज्यातून दुसऱ्या राज्यात रातोरात पेट्या जातात. ट्रकमधून पेटी जाते तेव्हा तिच्याबरोबर तिच्यातील रोगही जातो. यासंबंधी कायदा काय सांगतो, आणि जेथे कायदा काही सांगत नाही तेथे मधपाळाने व शेतकऱ्याने कोणती दक्षता घ्यावी, हे समजून घेणे या दोन्ही जिल्ह्यांत अगत्याचे झाले आहे.

महाबळेश्वरची परंपरा

महाराष्ट्रात पेटीतील मधमाशापालनास संघटित स्वरूप आले ते महाबळेश्वर येथे. १९४६ साली तत्कालीन मुंबई प्रांतात ग्रामोद्योग म्हणून हे कार्य तेथे सुरू झाले. पुढे मुंबई खादी व ग्रामोद्योग अधिनियम, १९६० अन्वये स्थापन झालेल्या मंडळाकडे ते आले, आणि आजही महाराष्ट्र राज्य खादी व ग्रामोद्योग मंडळाचे मध संचालनालय महाबळेश्वर येथेच आहे. मधमाशांच्या संशोधनासाठी १९६२ साली पुणे येथे केंद्रीय मधमाशी संशोधन संस्था स्थापन झाली. महाबळेश्वर तालुक्यातील मांघर हे गाव मे २०२२ मध्ये ‘मधाचे गाव’ म्हणून घोषित झाले. अशी योजना राबविलेले देशातील हे पहिले गाव होय. तेथील बहुसंख्य कुटुंबांकडे पेट्या आहेत.

या डोंगरातील मध हा जांभूळ, हिरडा, गेळा, पिसा इत्यादी वृक्षांचा व झुडपांचा असतो. सात-आठ वर्षांनी कारवी फुलली म्हणजे त्या वर्षी कारवीचा मध मिळतो. असा मध अन्यत्र सहसा मिळत नाही, आणि तो गोळा करणारी सातेरी हीच त्या रानाची माशी आहे. एक वसाहत वर्षास पाच ते दहा किलो मध देते. मेलिफेराच्या तुलनेने हे उत्पन्न थोडे वाटेल. परंतु घाटमाथ्यावरील पावसाळा सोसून, एक-दीड किलोमीटरच्या टापूत जे मिळेल त्यावर निभावून नेणारी दुसरी पाळीव माशी नाही. प्रश्न आहे तो ही माशी टिकण्याचा.

रोगांचा प्रवास

मधमाशांचे बहुतेक घातक रोग पिलाव्याचे, म्हणजे अंडी, अळ्या व कोष या अवस्थांतील असतात. प्रौढ माशा वरवर निरोगी दिसतात, त्या फुलांवर जात-येत राहतात, आणि पेटी उघडून पोळ्याची चौकट उजेडात धरल्याखेरीज रोग ध्यानात येत नाही. गाय लंगडली तर रस्त्याने जाणाऱ्यासही दिसते. मधमाशीचे तसे नाही. रोगट वसाहती नकळत विकल्या जातात व हलविल्या जातात, याचे कारण हेच.

युरोपियन फाऊलब्रूड हा जिवाणूंमुळे होणारा रोग महाराष्ट्रातील सातेरी वसाहतींत आढळल्याची नोंद १९७१ सालची आहे. या रोगात अळ्या लहान वयातच, घरावर मेणाचे झाकण येण्यापूर्वी मरतात. निरोगी अळी मोत्यासारखी शुभ्र असते व घराच्या तळाशी चंद्रकोरीप्रमाणे वळून पडलेली असते. रोगट अळी पिवळसर पडते, घरात वेडीवाकडी दिसते आणि पोळ्यास आंबूस वास येतो. वसाहत सशक्त असेल व फुलोरा भरपूर असेल तर ती पुष्कळदा आपोआप सावरते. अशक्त वसाहत मात्र खालावत जाते.

याहून भयंकर ठरला तो थाई सॅकब्रूड हा विषाणुजन्य रोग. तो १९७६ साली थायलंडमध्ये सातेरीच्याच जातीच्या माशांत आढळला. १९७८ साली तो भारताच्या ईशान्य भागात दिसला आणि १९९१-९२ पासून कर्नाटक, केरळ व तमिळनाडू या राज्यांत त्याने हाहाकार उडविला. त्या राज्यांतील सातेरीच्या बहुसंख्य पाळीव वसाहती थोड्या वर्षांत नष्ट झाल्या, आणि मधमाशांवर संसार चालविणाऱ्या हजारो कुटुंबांच्या पेट्या रिकाम्या पडल्या. या रोगात अळी पूर्ण वाढते, तिच्या घरावर झाकणही येते, पण कोषावस्थेत जाण्यापूर्वीच ती मरते. तिची कातडी पाण्याने भरलेल्या पिशवीसारखी होते व डोके वर उचललेले दिसते. पुढे ती वाळून होडीच्या आकाराची खपली बनते. कामकरी माशा झाकणास भोके पाडतात किंवा ते काढून टाकतात. वास विशेष येत नाही, त्यामुळे नवख्या मधपाळाचे दुर्लक्ष होते. या रोगावर औषध नाही. ज्या थोड्या वसाहती स्वतःच्या बळावर तगल्या, त्यांपासूनच दक्षिणेत पुन्हा पैदास करावी लागली.

हा रोग माशा स्वतः उडून फार दूर नेत नाहीत. तो पसरतो तो मुख्यतः माणसाच्या हाताने. एका पेटीतील पिलाव्याची चौकट दुसरीस देणे, रोगाने ओस पडलेली पेटी न धुता वापरणे, अशक्त वसाहतीतील मध अन्य वसाहतींनी लुटणे, आणि दूरच्या मुलखातून स्वस्त वसाहती विकत आणणे, हे त्याचे मार्ग आहेत. पश्चिम घाटाची रांग अखंड आहे. दक्षिणेतून सातेरीच्या वसाहती आणून त्या महाबळेश्वर, पाटण अथवा शिराळ्याच्या डोंगरात वाटणे म्हणजे घरात विस्तव आणण्यासारखे आहे. अनुदानाच्या वाटपाची संख्या भरून काढण्यासाठी अशी घाई करण्याचा मोह होतो. तो टाळलाच पाहिजे. त्याच रानातील थवे पकडून किंवा स्थानिक निरोगी वसाहतींचे विभाजन करून पेट्या भरणे हे सावकाशीचे, पण सुरक्षित काम आहे.

मेलिफेराचे रोग आणखी निराळे. व्हरोआ नावाचा तांबूस कोळी माशीच्या अंगास चिकटून राहतो व झाकलेल्या पिलाव्यात वाढतो. हा कोळी मूळचा सातेरीच्या जातीवरील असून तिला त्याची सवय आहे. युरोपीय माशीस तशी सवय नसल्याने ती त्याला बळी पडते. म्हणजे दोन्ही जाती शेजारी ठेवण्यात धोका दोहोंकडून आहे. शिवाय फुलोरा संपला की मेलिफेराच्या मोठ्या वसाहती सातेरीच्या लहान वसाहतींतील मध लुटतात, आणि त्रासलेली सातेरी पेटी सोडून पळून जाते.

कायद्यातील मधमाशी

मधमाशांसाठी म्हणून स्वतंत्र असा केंद्रीय कायदा आपल्या देशात नाही. त्यामुळे मधमाशी कोणत्याही कायद्यात बसत नाही, असा समज रूढ आहे. तो चुकीचा आहे. प्राण्यांमधील संक्रामक व सांसर्गिक रोगांस प्रतिबंध व नियंत्रण अधिनियम, २००९ या केंद्रीय कायद्यात ‘प्राणी’ या शब्दाची जी व्याख्या दिली आहे तीत गाय, म्हैस, शेळी, मेंढी, घोडा, कोंबडी यांच्याबरोबर मधमाशीचाही स्पष्ट उल्लेख आहे. याच कायद्याच्या अनुसूचीत मधमाशांचे सहा रोग व उपद्रव नमूद आहेत. अमेरिकन फाऊलब्रूड, युरोपियन फाऊलब्रूड, श्वासनलिकेतील अकॅरॅपिस कोळ्याचा रोग, व्हरोआ, ट्रोपिलिलॅप्स हा दुसरा कोळी आणि पेटीतील लहान भुंगेरा, असे ते सहा होत.

या कायद्याची ओळख दोन्ही जिल्ह्यांतील शेतकऱ्यांस लंपी त्वचारोगाच्या वेळी झालेली आहे. सप्टेंबर २०२२ मध्ये शासनाने याच कायद्याखाली संपूर्ण महाराष्ट्र ‘नियंत्रित क्षेत्र’ म्हणून जाहीर केला होता. गुरांचे बाजार बंद झाले, शर्यती थांबल्या, आणि जनावरांची ने-आण रोखली गेली. मधमाशांच्या अनुसूचित रोगाची मोठी साथ उद्भवल्यास याच अधिकारान्वये पेट्यांची वाहतूकही रोखता येते. असे क्षेत्र जाहीर झाले म्हणजे त्यातून त्या जातीचा प्राणी पायी किंवा वाहनाने बाहेर नेण्यास मनाई असते. रोगग्रस्त प्राण्याच्या संपर्कात आलेले साहित्यही बाहेर नेता येत नाही. मधपाळाच्या बाबतीत हे साहित्य म्हणजे चौकटी, जुनी पोळी व पेट्या असे समजावे.

साथ जाहीर होण्याची वाट न पाहता मालकावर एक कर्तव्य या कायद्याने आधीच टाकलेले आहे. आपल्या प्राण्यास अनुसूचित रोग झाला असावा असे मानण्यास कारण असेल तर त्याने ती गोष्ट ग्राम अधिकाऱ्यास अथवा ग्रामपंचायतीस कळवावयाची असते. ग्रामपंचायतीने ती जवळच्या पशुवैद्यकास लेखी कळवावी, आणि दरम्यान मालकाने रोगट प्राणी निरोगी प्राण्यांपासून वेगळे ठेवावेत, अशी योजना आहे. गुरांच्या दवाखान्यातील अधिकाऱ्यास मधमाशांची पेटी उघडण्याचा सराव असेलच असे नाही, हे खरे. तथापि लेखी वर्दी दिलेली असणे मधपाळाच्या हिताचे आहे. नमुन्याची तपासणी पुण्याच्या केंद्रीय मधमाशी संशोधन संस्थेसारख्या जाणकार संस्थेकडून करून घ्यावी. त्यासाठी पिलावा असलेल्या पोळ्याचा सुमारे चार इंच लांबी-रुंदीचा तुकडा कापून वर्तमानपत्राच्या कागदात गुंडाळावा व पुठ्ठ्याच्या खोक्यात घालून पाठवावा. प्लास्टिकच्या पिशवीत तो घामेजतो, त्यावर बुरशी येते व तपासणी फुकट जाते.

या कायद्यात एक मोठी उणीव राहिली आहे. सातेरीचा सर्वांत घातक रोग जो थाई सॅकब्रूड, तो अनुसूचीत नाही. ही अनुसूची आंतरराष्ट्रीय यादीशी मिळतीजुळती आहे, आणि त्या यादीत मुख्यतः युरोपीय माशीच्या रोगांचा विचार झालेला आहे. केंद्र शासनास अधिसूचनेद्वारे अनुसूचीत भर घालता येते. ती होईपर्यंत सॅकब्रूडच्या बाबतीत वर्दी देण्याची सक्ती नाही. म्हणजे घाटमाथ्यावरील मधपाळास ज्या रोगाची सर्वाधिक भीती बाळगावयास हवी, त्याच रोगाच्या बाबतीत त्याने कायद्यावर विसंबून चालणार नाही.

अन्य देशांत या विषयाकडे किती गांभीर्याने पाहिले जाते याचे एक अलीकडचे उदाहरण ऑस्ट्रेलियाचे आहे. त्या देशात व्हरोआ नव्हता. जून २०२२ मध्ये न्यू साऊथ वेल्स राज्यातील न्यूकॅसल बंदराजवळ तो सापडला. तत्काळ राज्यभर पेट्यांची हलवाहलव थांबविण्यात आली, पेट्यांची नोंदवही उघडण्यात आली आणि हजारो वसाहती नष्ट करण्यात आल्या. एवढे करूनही रोग हटेना, तेव्हा सप्टेंबर २०२३ मध्ये निर्मूलनाचा प्रयत्न सोडून देण्यात आला. अमेरिकेने तर १९२२ सालीच कायदा करून परदेशी मधमाशांस आपली दारे बंद केली होती. आपल्याकडेही परदेशातून मधमाशा आणावयाच्या तर केंद्र शासनाची पूर्वपरवानगी लागते. देशांतर्गत प्रवासाच्या बाबतीत मात्र बरेच काही मधपाळाच्या विवेकावर सोडलेले आहे.

नोंदणी

राष्ट्रीय मधमाशी मंडळाने एप्रिल २०२१ मध्ये ‘मधुक्रांती’ या नावाने मधपाळांच्या नोंदणीची संगणकीय व्यवस्था सुरू केली. मधपाळाचे नाव, त्याच्याकडील माशांची जात, वसाहतींची संख्या व ठिकाण यांची नोंद तीत होते. मध कोठून आला याचा माग लागावा, हा तिचा एक हेतू. पुष्कळ मधपाळ अनुदान मिळेल या आशेने नोंदणी करतात व पुढे तिच्याकडे पाहत नाहीत. वास्तविक स्थलांतर करणाऱ्या मधपाळास हिचा खरा उपयोग वाटेत होतो. रात्री बाराच्या सुमारास तपासणी नाक्यावर पेट्यांनी भरलेली गाडी अडविली गेली असता, या पेट्या कोणाच्या, कोठून आल्या व कोठे चालल्या, हे दाखविणारा कागद जवळ असणे किती मोलाचे आहे हे अनुभवी मधपाळ जाणतात. पेट्या बंद असताना गाडी तासन्‌तास उभी राहिली तर आतील उष्णता वाढून वसाहती गुदमरून मरतात.

टाळेबंदीच्या काळात, एप्रिल २०२० मध्ये, केंद्रीय गृह मंत्रालयाने जी सूट दिली होती तीत राज्यांतर्गत व आंतरराज्य अशा दोन्ही प्रकारच्या मधमाशा-वसाहतींच्या वाहतुकीचा स्वतंत्र उल्लेख केला होता. हा व्यवहार शेतीच्या कामांपैकीच एक आहे, हे त्यायोगे मान्य झाले.

राज्य मंडळाच्या मधकेंद्र योजनेत साहित्याच्या किमतीवर निम्मे अनुदान दिले जाते व लाभार्थ्यास प्रशिक्षण घ्यावे लागते. हे प्रशिक्षण निव्वळ उपचार म्हणून उरकू नये. रोगट पिलावा प्रत्यक्ष ओळखता येणे हेच त्याचे सार आहे. ते न साधल्यास पेटी मिळूनही उपयोग नाही.

राखीव रानांचा प्रश्न

डोंगराकडील पेट्यांच्या बाबतीत वनविषयक कायदेही ध्यानात ठेवावे लागतात. भारतीय वन अधिनियम, १९२७ प्रमाणे वनात सापडलेला अथवा वनातून आणलेला मध व मेण ही वनोपज ठरतात, आणि त्यांच्या वाहतुकीवर वन विभागाचे नियंत्रण असते. स्वतःच्या मालकीच्या रानात ठेवलेल्या पेटीतील मधाची गोष्ट निराळी आहे. तथापि जेथे मालकीचे रान व राखीव वन यांची हद्द एकमेकांस भिडलेली आहे, तेथे पेटी कोणत्या गटात ठेवली आहे हे दाखविणारा सातबारा उतारा जवळ असावा.

कोयना अभयारण्य व चांदोली राष्ट्रीय उद्यान मिळून २०१० साली सह्याद्री व्याघ्र प्रकल्प झाला. चांदोलीचा विस्तार साताऱ्याबरोबरच सांगली जिल्ह्यातील शिराळ्याकडेही आहे. अशा संरक्षित क्षेत्रात वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ लागू असल्याने विनापरवानगी प्रवेश करणे, पेट्या ठेवणे किंवा आग्या माशीचे मोहोळ काढणे गुन्हा ठरतो. पिढ्यान्‌पिढ्या वनात राहणाऱ्यांस वनहक्क कायदा, २००६ अन्वये गौण वनोपजावर हक्क मिळू शकतो व त्यात मधाचा नामनिर्देश आहे. पण हा हक्क रीतसर मान्य करून घ्यावा लागतो. मेलिफेराच्या पेट्या मात्र या रानांच्या कडेसही नेऊ नयेत. याची कारणे वर आलीच आहेत.

पेट्या हलविताना

स्थलांतराचा निर्णय झाला की प्रथम प्रत्येक पेटी उघडून पिलावा पाहावा. संशयित वसाहत मागे ठेवावी. दहा पेट्यांपैकी एक रोगट असेल तर नऊ नेता येतील असे मात्र समजू नये. त्या जागेवरील सर्वच पेट्या संशयित मानून काही आठवडे थांबणे योग्य. यात एखादा बहार हातचा जातो व मधपाळाचे नुकसान होते. परंतु रोग घेऊन गेलेला मधपाळ पुढील वर्षी कोणाच्याच बागेत नको असतो.

निघण्यापूर्वी एक-दोन दिवस मधकोठीतील मध काढून घ्यावा. मधाने जड झालेली पोळी रस्त्याच्या धक्क्यांनी तुटतात, व सांडलेल्या मधात माशा बुडतात. मात्र प्रवासापुरता व नव्या जागी स्थिरावेपर्यंत पुरेल इतका मध पिलाव्याच्या कोठीत राहू द्यावा. चौकटी हलू नयेत अशा घट्ट बसवाव्यात, पेटीचे मजले पट्टीने किंवा दोरीने आवळावेत, आणि झाकणाच्या जागी अथवा दारावर जाळी लावून हवा खेळती ठेवावी. सूर्यास्तानंतर सर्व माशा परतल्यावरच दार बंद करावे. मोटारीत पेट्या अशा ठेवाव्यात की चौकटी गाडीच्या लांबीच्या दिशेने येतील. बैलगाडीत नेमके उलट करावे, कारण बैलगाडी आजूबाजूस हेलकावते. पसरणी घाटासारख्या वळणाच्या रस्त्यावर गाडी सावकाश हाकावी, आणि उजाडण्यापूर्वी मुक्कामास पोहोचावे. सातेरीची पोळी नाजूक असतात व ही माशी चिडली तर पेटी सोडून जाते. यास्तव सातेरीचे लांबचे स्थलांतर शक्यतो करूच नये. डोंगरातील वाडीवस्तीवर पेटी डोक्यावरून नेणे हाच अजूनही उत्तम मार्ग आहे.

नव्या जागी दुसऱ्या मधपाळाच्या पेट्या आधीपासून आहेत काय याची चौकशी करावी. मेलिफेरा माशी दोन-तीन किलोमीटरांपर्यंत चरावयास जाते. तेवढ्या टापूत दोघांच्या पेट्या आल्या तर फुलोरा वाटला जातो व रोगही वाटला जातो. कृष्णाकाठच्या गावांत आणखी एका गोष्टीचा विचार करावा लागतो. गुऱ्हाळाच्या हंगामात माशा रसाच्या वासाने काहिलीकडे धावतात व हजारोंनी मरतात. गुऱ्हाळाच्या जवळ पेट्या ठेवून मधाची अपेक्षा धरणे व्यर्थ होय.

बागाईतदाराशी करार

डाळिंबाच्या बागेत पेट्या ठेवताना बहुधा तोंडी बोलणे होते. एकरी किती पेट्या, किती दिवस, भाडे किती, एवढ्यावर व्यवहार ठरतो. फवारणीचा विषय निघतच नाही. आणि भांडणे होतात ती त्याच विषयावरून. डाळिंबावर तेल्या व मर या रोगांचा आणि किडींचा उपद्रव असल्याने बागाईतदारास फवारणी टाळता येत नाही, हे मधपाळाने समजून घेतले पाहिजे. तसेच उमललेल्या फुलांवर सकाळी कीटकनाशक मारले तर दुपारपर्यंत पेटीसमोर माशांचा सडा पडतो, हे बागाईतदारानेही समजून घेतले पाहिजे.

कीटकनाशकांची विक्री व वापर कीटकनाशक अधिनियम, १९६८ व त्याखालील नियमांनी नियंत्रित केला आहे. डब्याबरोबरच्या माहितीपत्रकात पीक, प्रमाण व सावधगिरीच्या सूचना असतात. औषध मधमाशांस विषारी आहे अशी सूचना जेथे असेल तेथे ते फुलोऱ्यात वापरू नये. तरीही मेलेल्या माशांची भरपाई मिळणे सोपे नाही. कोणत्या शेतातील कोणत्या औषधाने माशा मेल्या हे सिद्ध करणे फार कठीण असते, कारण माशा कोणाच्याही बांधावर थांबत नाहीत. म्हणून साध्या कागदावर दोघांच्या सह्यांनिशी करार करावा. त्यात पेट्यांची संख्या व त्या आणण्याचा आणि हलविण्याचा दिवस लिहावा. पेट्या आणल्या त्या दिवशी बागाईतदारासमक्ष दोन-चार पेट्या उघडून त्या निरोगी असल्याची नोंद करावी. फवारणीपूर्वी किमान दोन दिवस मधपाळास कळविले जाईल, फवारणी सायंकाळी माशा परतल्यानंतर होईल, आणि शेजारच्या बागेतील फवारणीची वार्ताही बागाईतदार कळवील, अशा अटी असाव्यात. मधपाळाने आपल्या बाजूने रस्ता, पाणवठा व मजुरांच्या वावरापासून पेट्या दूर ठेवण्याचे मान्य करावे. पाळीव प्राण्यापासून माणसाच्या जिवास धोका पोहोचू नये म्हणून योग्य ती काळजी घेण्याची जबाबदारी फौजदारी कायद्यानेही मालकावर टाकलेली आहे.

बागेत पाच ते दहा टक्के फुले उमलल्यावर पेट्या आणाव्यात. त्याआधी आणल्यास माशांस बांधाबाहेरील अन्य फुलांची सवय लागते व त्या डाळिंबाकडे वळत नाहीत. डाळिंबाच्या फुलातून परागकण मिळतात, पण मकरंद थोडा असतो. म्हणून मुक्काम लांबला तर साखरेचा पाक द्यावा लागतो. हा पाक संध्याकाळी, पेटीच्या आतच ठेवावा. उघड्यावर ठेवल्यास लूट सुरू होते, आणि लुटीबरोबर रोग.

बहार संपवून परतलेल्या पेट्या जुन्या जागी ठेवण्यापूर्वी दोन-तीन आठवडे वेगळ्या जागी, निदान तीन किलोमीटरांवर ठेवाव्यात व दर आठवड्यास पिलावा पाहावा. प्रत्येक पेटीवर क्रमांक घालून ती कोणत्या महिन्यात कोठे होती हे वहीत लिहून ठेवावे. पेटी विकताना या वहीचा उतारा घेणाऱ्यास द्यावा, आणि वसाहत विकत घेणाऱ्यानेही तो मागून घ्यावा.